आमच्याकडे पण असतं!

परदेशात फिरणाऱ्या मराठी माणसाचे ढोबळ दोन प्रकार. पहिला, 'आपल्याकडे हे असं कधी होणार हो?' म्हणून सुस्कारे टाकणारा. दुसरा, 'यात काय विशेष? आमच्याकडे पण असतं,' म्हणून बाकीच्यांच्या उत्साहावर पाणी ओतणारा. पहिल्याला कुठेही न्या, त्याचे पैसे वसूल होतात. स्वच्छ रस्ता आणि वेळेवर आलेली बस एवढ्यावर तो गहिवरतो. दुसऱ्याला कुठे न्यायचं हा मात्र प्रश्नच असतो. आल्प्स दाखवला की तो महाबळेश्वर काढतो, नायगारा दाखवला की आंबोली.

माझे मोठे दीर या दुसऱ्या पंथाचे. आम्ही सगळे त्यांना भाऊजी म्हणतो. मूळ गाव गुहागरकडे, नोकरी बँकेत, निवृत्तीनंतर मुक्काम डोंबिवलीत. डोंबिवलीतून कोकणाचा अभिमान बाळगणं सोपं जातं. तिथे दर पावसाळ्याआधी घर शाकारावं लागत नाही.

१ डिसेंबर २०२३पासून भारतीयांना मलेशियात व्हिसा लागेनासा झाला आणि आमच्या घरातला 'कुठे तरी जाऊ या' हा ठराव एकमताने मंजूर झाला. क्वालालंपूरचे जुळे मनोरे ८८ मजल्यांचे. तिथे भाऊजी गप्प होते, पण ते मान दुखत होती म्हणून. बातू केव्हजच्या २७२ पायऱ्यांपाशी आवाज परत आला. 'जेजुरीला यापेक्षा जास्त आहेत,' असं त्यांनी जाहीर केलं आणि खालीच बसून राहिले. जेजुरी झालेली असल्यामुळे इथे चढायची गरज नव्हती.

कार्यक्रमपत्रिकेत पुढे होतं: मलाक्का राज्यातल्या एका खेड्यात, मलय कुटुंबाच्या जुन्या लाकडी घरात मुक्काम आणि सांस्कृतिक उपक्रम. 'म्हणजे नाच बघायचा आणि टाळ्या वाजवायच्या,' भाऊजींनी अर्थ लावला. ते उपक्रम आपल्याकडूनच करवून घेतात, हे त्यांना सांगायचं धैर्य टूर मॅनेजरला झालं नाही.

घरात असे पाहुणे ठेवण्याची रीत तिथे सरकारने सुरू केलेली नाही. सुरुवात एका बाईने केली. १९७०च्या दशकात पाहांग राज्यातल्या चेरातिंग या समुद्रकाठच्या गावात माक लोंग तेह नावाच्या बाईंनी पाठीवर पिशव्या टाकून भटकणाऱ्या परदेशी पोरांना आपल्या साध्या घरात ठेवून घेतलं. झोपायला जागा, सकाळी न्याहारी, रात्री जेवण. याला 'धोरण' म्हणतात हे सरकारच्या लक्षात यायला वीसेक वर्षं लागली. १९९५ साली त्याच राज्यात, तेमेर्लोहजवळच्या देसा मुर्नीत, पर्यटन खात्याने होमस्टे योजनेचा नारळ फोडला. सरकार आलं म्हणजे नियम आले. यजमान त्याच घरात राहत असला पाहिजे, पाहुण्याला वेगळी खोली हवी, यजमानाने रीतसर प्रशिक्षण घेतलेलं हवं. पाहुण्याला कसलंच प्रशिक्षण नको, ही या योजनेतली मोठी त्रुटी. ती आमची बस गावात शिरल्या शिरल्या उघडी पडली.

गावातली पोरं कोंपांग वाजवत स्वागताला उभी होती. कोंपांग म्हणजे एका बाजूने कातडं मढवलेला, हातात धरायचा चपटा डफ. एरवी तो नवरदेवाच्या वरातीत वाजतो. आमच्यातल्या दोघांनी ताबडतोब गणपती विसर्जनाच्या पावलांवर नाचायला सुरुवात केली. पोरं क्षणभर बिचकली, मग त्यांनी ठेका वाढवला. यजमानीणबाई, म्हणजे आमच्या माक चिक, पुढे आल्या. माक चिक म्हणजे मावशी किंवा काकू. तिथे साठीच्या कुठल्याही बाईला असंच म्हणायचं. त्या दोन्ही हातांनी समोरच्याचा हात नुसता स्पर्शून मग आपला तळवा छातीवर ठेवत होत्या. भाऊजींनी तोच हात पकडून, कर्ज मंजूर केल्यावर शाखेत देत असत तसा, खांद्यापासून हलवला. बाई हसल्या. प्रशिक्षण घेतलेलं होतं.

जुनं मलय घर जमिनीवर नसतं. ते खांबांवर उभं असतं. खालून वारा खेळतो, पुराचं पाणी आलं तर येऊन निघून जातं आणि उरलेल्या वेळात तिथे सायकली, कोंबड्या, जुने टायर आणि नातवंडं राहतात. मलाक्काकडच्या घरांची खूण म्हणजे पुढचा जिना. घर सगळं लाकडाचं, पण जिना चुन्या-विटांचा, दोन्ही बाजूंनी गोलाई घेतलेला आणि त्यावर फुलाफुलांच्या रंगीत टाइल्स. पायथ्याशी मातीचा रांजण आणि करवंटीचा ओगराळा. चपला काढायच्या, पायांवर पाणी घ्यायचं, मग वर. आमच्या गटात नवे कोरे स्पोर्ट्स शूज घालून आलेले बरेच होते. त्या लेस सोडण्याच्या कार्यक्रमाला इतका वेळ लागला की कोंपांगवाल्या पोरांचा सगळा साठा संपला.

'आमच्याकडे पण अंगणात पाय धुवायला घंगाळ असायचं,' भाऊजींनी उघडलं खातं.

वर गेल्यावर पहिली सेराम्बी, म्हणजे ओसरी. बाहेरच्या माणसाने इथे बसायचं. ('आमच्याकडे पडवी.') मग रुमाह इबू, म्हणजे मुख्य घर, आणि त्यामागे एक पायरी खाली उतरून दापूर, म्हणजे स्वयंपाकघर. खिडक्या थेट जमिनीपासून सुरू होतात, कारण घरात सगळे खाली बसतात आणि बसलेल्या माणसाला वारा लागला पाहिजे. हे मला फार शहाणपणाचं वाटलं. आपल्या फ्लॅटच्या खिडक्या उभ्या माणसासाठी असतात आणि आपण दिवसभर बसलेले असतो. जुन्या घरात खिळे जवळजवळ नसतात. खाचा आणि पाचरी यांवर सगळं उभं. त्यामुळे घर सुटं करून दुसरीकडे नेता येतं. केदाहमधल्या एका पेंगुलूचं, म्हणजे गावच्या मुखियाचं, घर असंच उतरवून क्वालालंपूरच्या मधोमध परत उभं केलेलं आहे. आणि घर लहान असेल तर गावकरी जमून ते खांद्यावर घेऊन चालू लागायचे, या गोतोंग-रोयोंगच्या, म्हणजे एकमेकांना हातभार लावण्याच्या, कथाही तिथे अभिमानाने सांगतात.

इथे भाऊजी थोडे अडखळले. आमच्याकडे घर जागचं हलत नाही, फक्त सातबाऱ्यावरची नावं वाढत जातात.

पण पर्यटकाला आज माणसं राहतात तसं घर नको असतं. त्याला शंभर वर्षांपूर्वीचं हवं असतं, आणि तेसुद्धा पंख्यासकट. माक चिकच्या रुमाह इबूत काचेचं भलंमोठं कपाट होतं आणि त्यात न वापरलेले काचेचे डिनर सेट. भिंतीवर कुराणातल्या आयतींची सोनेरी चौकट. तिच्याखाली ओळीने चारही मुलांचे पदवीदानाचे फोटो: काळा झगा, टोपी, हातात भेंडोळं, मागे निळा पडदा. मलय घरात हे फोटो सगळ्यात मोक्याच्या जागी असतात आणि पाहुण्याने त्यांच्याविषयी विचारावं अशी अपेक्षा असते. आमच्यातल्या एका हौशी छायाचित्रकाराने मात्र 'फ्रेममध्ये ते येतंय' म्हणून फ्रिजवर सारोंग टाकायला लावला, टीव्हीचा रिमोट लपवला आणि पदवीधरांना टाळून कोपऱ्यातल्या चटईचे फोटो घेतले. माक चिक मुकाट्याने बघत राहिल्या. त्यांनी चार मुलं शिकवली होती आणि हा मनुष्य चटईसाठी पाच तास विमानात बसून आला होता.

आता उपक्रम. मलेशियाने १९८९ साली जी नाणी काढली होती, त्यांच्यावर हा सगळा कार्यक्रम आधीच छापलेला आहे. १ सेनवर रेबाना हा मोठा ढोल, ५वर गासिंग म्हणजे भोवरा, १०वर चोंगकाकचा पाट, २०वर विड्याचं तबक, ५०वर वाउ हा पतंग आणि रिंगिटच्या नाण्यावर केरिस, म्हणजे वळणावळणाच्या पात्याचा खंजीर. एखाद्या देशाची संस्कृती इतक्या स्वस्तात दुसरीकडे कुठे मिळत नसेल.

भोवरा आम्ही दुरूनच बघितला. तो आपला जाळीवरचा लाकडी भोवरा नव्हे. काही गासिंग पाच-पाच किलोंचे असतात आणि पायावर पडले तर संस्कृती कायमची लक्षात राहते. चोंगकाकला मात्र भाऊजी बसले. लांबट होडीच्या आकाराचा पाट, दोन्ही बाजूंना सात-सात खळगे, प्रत्येकात सात बिया, म्हणजे एकूण ९८. दोन टोकांना दोघांची कोठारं. खळग्यातल्या बिया उचलायच्या आणि एकेक पेरत जायचं, जाताना स्वतःच्या कोठारात एक टाकायची, दुसऱ्याच्या कोठारात टाकायची नाही. 'म्हणजे आवर्ती ठेव,' भाऊजी म्हणाले आणि माक चिकच्या सासूबाईंसमोर मांडी ठोकून बसले. सासूबाई ऐंशीच्या पुढच्या, डोळ्यांना कमी दिसत होतं. त्या बिया बघत नव्हत्या, नुसत्या बोटांनी चाचपत होत्या. पहिल्या डावात भाऊजींच्या कोठारात जेमतेम मूठभर बिया आल्या, दुसऱ्यात त्याहून कमी. बँकेत आयुष्य घालवलेल्या माणसाची सगळी ठेव एका आजीने वाजवून काढून घेतली. 'हा आमच्याकडे नसतो,' ते उठता उठता म्हणाले. त्या दिवसातलं त्यांचं हे पहिलं असं वाक्य.

वहिनींनी, म्हणजे माझ्या जाऊबाईंनी, घराण्याची अब्रू राखली. बातू सेरेम्बान म्हणून यजमानांनी पाच लहान शिवलेल्या पुरचुंड्या समोर ठेवल्या. एक वर उडवायची, खालच्या वेचायच्या, वरची झेलायची. वहिनींनी पदर खोचला, 'अगं बाई, सागरगोटे!' म्हणाल्या आणि पुढची वीस मिनिटं खाली मान घालून खेळल्या. बघता बघता शेजारपाजारच्या बायका जमल्या. आमच्या पैशांनी त्यांची करमणूक चालली होती आणि ती आमच्या करमणुकीपेक्षा चांगल्या दर्जाची होती.

पोफळीच्या विरीवर बसून ओढत न्यायचा खेळही तिथे आहे, त्याला तारिक उपिह म्हणतात. हा खेळ गुहागरकडच्या पोरांनीही केलेला असतो, त्यामुळे भाऊजींना राहवलं नाही. विरीचं मात्र वजनाबाबत मत ठाम असतं. तपशिलात शिरत नाही. घरातली पोरं अजून हसत असतील.

पुरुष मंडळी अशी संस्कृतीत रमलेली असताना मला स्वयंपाकघरात बोलावणं आलं. आपल्याकडे पाहुण्याला 'तुम्ही बसा हो' म्हणतात. तिथे पाहुण्याच्या हातात काहीतरी देतात. माझ्या हातात अर्धा नारळ दिला आणि समोर कुकुरान ठेवलं. बसायला बुटका लाकडी पाट, त्याच्या पुढच्या टोकाला जिभेसारखं बाहेर आलेलं दातेरी लोखंडी पातं. पाटावर घोड्यावर बसल्यासारखं बसायचं आणि पात्यावर वाटी फिरवायची. माझ्या आजीची खोवणी हीच. ती पाटावर एक पाय मुडपून बसायची, इतकाच फरक. मी खोवायला लागले आणि माक चिक थांबून बघायला लागल्या. आधी त्यांनी शेजारणीला हाक मारली, मग शेजारणीने आपल्या सुनेला. करवंटीचा तपकिरी भाग न येता पांढरं शुभ्र खोबरं पडतंय हे बघून तिघींनी माना डोलावल्या. मला शाळेत कधी बक्षीस मिळालं नव्हतं.

मग थोडं मोकळेपण आल्यावर माक चिकनी फ्रिज उघडला. (त्यावरचा सारोंग एव्हाना घसरला होता.) आत नारळाच्या तयार दुधाची पाकिटं रचून ठेवली होती. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. एरवी सगळा स्वयंपाक त्या पाकिटांवरच होतो, कुकुरान घराखालून काढून धुऊन पुसून आणलं होतं. मी माझ्या फोनमध्ये माझ्या डोंबिवलीच्या फ्रीजरमधला, किसलेल्या खोबऱ्याच्या पाकिटांचा फोटो शोधून दाखवला. मोबाइलमध्ये असले फोटोही निघतात. आम्ही दोघी खूप हसलो. त्या खोबऱ्यावर आम्ही ओन्दे-ओन्दे घोळवले. तांदळाच्या चिकट पिठात पांदानच्या पानांचा हिरवा रस, आत गुला मलाका म्हणजे ताडगुळाचा खडा, उकळत्या पाण्यात शिजवायचे आणि वर आले की खोबऱ्यात लोळवायचे. एका घासात खायचे, अर्धा चावायचा नाही. आत गूळ वितळलेला असतो आणि तो उडतो. भाऊजींनी अर्धा चावला. 'उकडीचा मोदक उलटा केलाय,' हे त्यांचं मत नंतर आलं, शर्ट पुसून झाल्यावर.

परसात मोठ्या कढईत दोदोल शिजत होतं. नारळाचं दूध, गूळ आणि तांदळाचं पीठ, लाकडाच्या आचेवर तासन् तास ढवळत राहायचं. हात थांबला की खाली लागलं. पर्यटकांनी एकेक मिनिट ढवळायचं आणि फोटो काढून उलथणं पुढच्याकडे द्यायचं, अशी सोय होती. मागे दोन पुरुष मात्र दुपारपासून तिथेच होते, त्यांचा फोटो कोणी काढला नाही. दोदोल आपल्या गोव्यातही होतं, नाव तेच, पदार्थही तोच. अफोन्सो द अल्बुकर्कने १५१० साली गोवा घेतलं आणि १५११ साली मलाक्का. तेव्हापासून १६४१पर्यंत दोन्ही बंदरांचा मालक एकच होता आणि जहाजं येत-जात होती. या एका बाबतीत 'आमच्याकडे पण असतं' हे वाक्य निव्वळ बढाई नाही, त्याच्यामागे इतिहास आहे. पण नेमकं तेव्हा भाऊजी शर्ट धुवायला गेले होते.

शर्ट धुण्यावरून आठवलं. न्हाणीघरात शॉवर नव्हता. सिमेंटचं टाकं आणि एक प्लास्टिकचं टमरेल. दुसऱ्या घरात एक डच जोडपं उतरलं होतं, त्यांना त्यांच्या यजमानांनी टमरेलाने अंगावर पाणी कसं घ्यायचं याचं प्रात्यक्षिक दिलं, अर्थात कपड्यांसकट. आम्हाला नुसतं दार दाखवलं.

शाकाहाराविषयी एक गोष्ट सांगायलाच हवी. आमच्यात चौघे शाकाहारी होते आणि तसं आधी कळवलेलं होतं. माक चिकनी मनापासून तयारी केली होती. पालेभाजी, वांगी, टोफू, उलाम म्हणजे कच्च्या कोवळ्या पानांचा ढीग, सगळं होतं. फक्त पालेभाजीला बेलाचानची फोडणी होती. बेलाचान म्हणजे कोळंबी आंबवून, वाटून केलेली वडी. ती मलय स्वयंपाकघरात मासळीत धरत नाहीत, चवीत धरतात. नासी लेमाक या नारळाच्या दुधातल्या भातावरच्या इकान बिलिस, म्हणजे इवल्याइवल्या सुक्या माशांबद्दलही तेच. 'पण ते किती लहान असतात!' त्या कळवळून म्हणाल्या. आमच्या कोकणस्थ शाकाहाऱ्यांना जवळ्याचा वास बरोब्बर ओळखता आला, हे मी फक्त नोंदवते.

रात्री लग्न होतं. होमस्टेच्या कार्यक्रमाचा हा शिरोमणी. पाहुण्यांमधल्याच एका जोडप्याला मलय नवरा-नवरी सजवतात आणि बेर्सांदिंग म्हणजे सिंहासनावर शेजारी बसण्याचा विधी करतात. लग्नाच्या दिवशी नवरा-नवरीला 'एका दिवसाचे राजाराणी' मानतात, त्यामुळे थाट राजाचाच. निवड भाऊजी आणि वहिनींची झाली. त्यांना जरीकामाचे सोंगकेत नेसवले. भाऊजींच्या डोक्यावर घडी घालून उभारलेलं तेंगकोलोक, कमरेला केरिस. बँकेच्या निरोप समारंभात शाल-श्रीफळ घेतानाही ते इतके गंभीर नव्हते.

मलय लग्नात नवरदेवाला नवरीकडची माणसं वाटेत अडवतात आणि पैसे घेतल्याशिवाय सोडत नाहीत. दाराशी पोरांनी ओढणी आडवी धरली. भाऊजींनी आधी पावती मिळेल का विचारलं, मग घासाघीस सुरू केली. दहा रिंगिटवरून पाचवर आले. खरं तर हे पैसे देण्याचा नुसता अभिनय करायचा होता, पण पोरांनी ते सांगितलं नाही, आणि बरोबरच केलं.

नवरीने मान खाली घालून बसायचं असतं, हसायचं नसतं. दोन्ही बाजूंना पंखे हलवणाऱ्या मुली उभ्या असतात. ही सूचना माक चिकच्या दुभाष्या नातवाने वहिनींना दिली. वहिनी म्हणाल्या, 'बाळा, एकदा खाली घातलेली मान वर करायला मला पंधरा वर्षं लागली. आता परत नाही.' नातवाने याचं भाषांतर केलं आणि स्वयंपाकघराच्या दारातून बायकांच्या हसण्याचा जो फवारा आला, तो बराच वेळ थांबला नाही. मग एकेकाने पुढे होऊन गुलाबपाणी शिंपडायचं आणि हळदीने पिवळे केलेले तांदूळ उधळायचे. आमच्या मंडळींना अक्षतांचा सराव आजन्म आहे. कोणीतरी 'शुभ मंगल' सुरू केलं, कोंपांगवाल्यांनी ताल धरला, आणि मलाक्काच्या त्या ओसरीवर भाऊजींचं दुसऱ्यांदा त्याच बाईशी लग्न लागलं. जाताना प्रत्येकाला बुंगा तेलूर, म्हणजे कागदी फुलाच्या दांडीला बांधलेलं उकडलेलं अंडं मिळालं. शाकाहाऱ्यांनी फूल ठेवून घेतलं.

सगळं आटोपल्यावर सेराम्बीवर चहा घेत बसलो. योजनेचे समन्वयक आले होते, निवृत्त शाळामास्तर. त्यांनी कारभार समजावून सांगितला. ही योजना एकट्या-दुकट्या घरासाठी नाहीच, गावातली बरीच घरं मिळून नोंदणी होते. पाहुणे आले की समिती पाळीने घरं नेमून देते. या खेपेला ज्यांच्याकडे उतरले, पुढच्या खेपेला दुसऱ्यांकडे. कोंपांगच्या पोरांना त्यांचा वाटा, दोदोल ढवळणाऱ्यांना त्यांचा, लग्नाचे कपडे ज्या बाईचे तिला भाडं, उरलेलं गावाच्या खात्यात. कुठल्या घरी चांगली गादी आहे आणि कुठे नाही, यावरून कुरकुर होते, पण ती समितीतच होते.

'आणि भाऊबंद?' भाऊजींनी विचारलं.

'शेजारचं घर माझ्या भावाचं. पुढच्या महिन्यात पाळी त्याची,' मास्तर म्हणाले.

सगळे भाऊजींकडे बघू लागले. आता येणार, आता येणार, म्हणून वाट बघितली. ते वाक्य आलं नाही. शेवटी वहिनीच म्हणाल्या, 'हे आमच्याकडे नसतं.'

माक चिकना याचा पत्ता नव्हता. त्यांनी नातवाकडून भलतंच विचारलं. पाहुणा एकदा घरी राहून गेला की तो आनाक आंगकात, म्हणजे मानलेलं लेकरू होतो, असं तिथे म्हणतात, आणि मानलेल्या लेकराच्या गावी जायचंही असतं. तुम्ही दिवसभर तुमच्या काम्पुंगाचं, म्हणजे गावाचं, इतकं सांगत होतात, नारळ, पोफळी, ओसरी, सगळं. तर तिकडे आम्ही आलो तर कोणाच्या घरी उतरायचं?

भाऊजींनी बराच वेळ चहा ढवळला. साखर कधीच विरघळली होती. आमचं गुहागरचं घर सामाईक आहे, अकरा नावं आहेत, दावा चालू आहे आणि किल्ली ज्या चुलतभावाकडे आहे त्याच्याशी आमचं बोलणं नाही. यातलं काय काय भाषांतर करायचं? 'घर सध्या बंद असतं,' ते म्हणाले. 'डोंबिवलीला या.'

दुसऱ्या दिवशी पहाटे अंधारात रबराच्या बागेत नेलं. साल तिरकी कापायची आणि खाली वाटीत चीक गोळा व्हायची वाट बघायची. मलाक्काच्या बुकित लिंतांगमध्ये तान चाय यान याने १८९६ साली मलायातली पहिली व्यापारी रबरबाग लावली, त्यामुळे त्या मुलखाला याचा अभिमान आहे. दोडामार्गलाही हल्ली रबराच्या बागा आहेत. भाऊजींना हे ठाऊक होतं. पण ते बोलले नाहीत, बागेच्या मालकाला पाळीची पद्धत नेमकी कशी ठरवतात हे विचारत होते.

तुम्हाला जायचं असेल तर काही गोष्टी सांगून ठेवते. लेसचे बूट नेऊ नका. प्रत्येक जिन्याशी काढावे लागतात. शाकाहारी असाल तर नुसतं 'मासे नकोत' म्हणू नका, बेलाचान आणि इकान बिलिस यांची नावं घेऊन नाही म्हणा. मुलांच्या पदवीचे फोटो आवर्जून बघा आणि कोण काय करतं ते विचारा. आणि यात्रा कंपनी एक रात्र देत असेल तर भांडून दोन करून घ्या. पहिली रात्र लग्नात जाते. दुसऱ्या दिवशी कुकुरान परत घराखाली जातं, नारळाच्या दुधाची पाकिटं उघडपणे ओट्यावर येतात आणि गप्पांना खरी सुरुवात तेव्हा होते.